बदलता न येणारा पासवर्ड

२९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी आले आणि देशातला पहिला आधार क्रमांक शहादा तालुक्यातल्या या गावच्या रंजना सोनवणे यांना देण्यात आला. बारा आकड्यांच्या त्या क्रमांकामागे दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र होते. त्या दिवसाची आठवण सहसा एका सरकारी योजनेचा शुभारंभ म्हणून काढली जाते. मला तो दिवस आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. यंत्रासमोर माणसाने स्वतःची ओळख कशी पटवायची, या प्रश्नाला तोवर जगभर एकच सरधोपट उत्तर होते: पासवर्ड सांगा. टेंभलीपासून कोट्यवधी माणसांसाठी ते उत्तर बदलले. काही लक्षात ठेवू नका, बोट टेकवा, असे यंत्र सांगू लागले. ज्या जिल्ह्यातून हा बदल सुरू झाला, त्याच जिल्ह्याच्या परिस्थितीत तो तपासून पाहणे योग्य ठरेल. तपासण्याच्या कसोट्या दोनच पुरेत. आपली खूण चोराच्या हाती लागली, तर ती बदलता येते का? आणि यंत्राने खऱ्या माणसालाच नाकारले, तर त्याच्यापुढे दुसरी वाट उरते का? ओळख पटवण्याची कोणतीही पद्धत किती आधुनिक आहे, यापेक्षा या दोन प्रश्नांना ती काय उत्तर देते, हे मी महत्त्वाचे मानतो.

आधी पासवर्डचे बघू. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१ च्या सुमारास फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने एकच संगणक अनेकांनी वापरायची व्यवस्था तयार केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला गेला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या संशोधकाने संगणकावर जास्त वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या पासवर्डांची फाइल छापून घेतली. पासवर्डचा जन्म आणि पासवर्डची चोरी यांच्यात इतकेच अंतर होते. कॉर्बातो यांनी स्वतः २०१४ मध्ये, पासवर्ड हे आता दुःस्वप्न होऊन बसले आहे, अशी कबुली दिली होती. माणसाची स्मृती मर्यादित आणि पासवर्ड मागणाऱ्या जागा अमर्याद, हे त्याचे साधे कारण. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले. त्यांत सर्वाधिक वापरलेला पासवर्ड ‘१२३४५६’ हा होता. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे जन्मसाल किंवा मोबाइल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे जोडण्याची रीत आहे. चोरांच्या यंत्रांना ही रीत आपल्याइतकीच ठाऊक असते. त्याहून घातक सवय म्हणजे एकच पासवर्ड सगळीकडे वापरणे. एखाद्या किरकोळ खरेदीच्या संकेतस्थळावरून तो फुटला, की चोर तोच ईमेलला लावून पाहतो, आणि ईमेल हाती आला की बाकीची खाती उघडायला वेळ लागत नाही.

यावर तज्ज्ञांनी बरीच वर्षे जो उपाय सांगितला, त्याने दुखणे वाढवले. मोठे अक्षर हवे, चिन्ह हवे, आकडा हवा, दर तीन महिन्यांनी बदला, असे नियम अमेरिकेच्या मानक संस्थेने २००३ मध्ये केलेल्या शिफारशींतून जगभर पसरले. आपल्या बँका आणि कचेऱ्यांतही ते आले. लोकांनी नियम पाळला, पण शेवटचा आकडा एकाने वाढवून, किंवा पासवर्डाची चिठ्ठी संगणकाच्या पडद्याला चिकटवून. त्याच संस्थेने २०१७ मध्ये आपले धोरण बदलले. आता शिफारस अशी की पासवर्ड लांब असावा, चिन्हांचा आग्रह नको आणि तो फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका. मूळ नियम लिहिणाऱ्या बिल बर यांनीही आपल्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. तरीही आपल्याकडच्या कित्येक संकेतस्थळांवर जुना नियम तसाच चालू आहे. पण पासवर्डच्या या सगळ्या दोषांच्या यादीत त्याचा एक गुण झाकला जातो. पासवर्ड फुटला तर तो दोन मिनिटांत बदलता येतो आणि विसरला तर नवा मिळतो. दोन्ही कसोट्यांवर हा जुनाट प्रकार उत्तीर्ण होतो.

आता नंदुरबार. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के, आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत कमी. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची अशा समाजांच्या इथल्या माणसांना, तुमचा पासवर्ड टाका, असे सांगणे म्हणजे त्यांना दारातूनच परत पाठवणे होते. बोटाचा ठसा हे त्यावरचे माणुसकीचे उत्तर होते, हे मनापासून मान्य केले पाहिजे. लिहिता येत नाही, कागद घरातल्या आगीत किंवा पुरात गेले, शिधापत्रिकेवर नाव चुकले, अशा कारणांनी ज्यांची ओळखच सरकारदरबारी धूसर होती, त्यांना आधारने एक क्रमांक दिला. बँकमित्राच्या हातातल्या छोट्या यंत्रावर अंगठा लावून गावातच शंभर-दोनशे रुपये काढता येणे, तालुक्याच्या बँकेपर्यंतचे भाडे आणि बुडणारा रोज वाचणे, ही सोय लहान नाही. त्यामुळे अंगठ्याची पद्धत मुळातच चूक होती, असे माझे म्हणणे नाही. ठसा माणसाला वेगळा ओळखण्यासाठी उत्तम आहे. पण त्यालाच पैशाच्या आणि धान्याच्या दाराची एकमेव किल्ली करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि चूक तिथे झाली.

किल्ली गुप्त ठेवता आली पाहिजे आणि हरवली तर बदलता आली पाहिजे. ठसा यातले काहीच करू देत नाही. आपण ज्या पेल्याला हात लावतो, ज्या दस्तावर अंगठा उमटवतो, तिथे तो मागे राहतो. जपानमधील योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठाचे त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ मध्ये जिलेटिनच्या नकली बोटांनी त्या काळातली अनेक ठसेयंत्रे फसवून दाखवली. २०१४ मध्ये जर्मनीतल्या यान क्रिस्लर या संगणकतज्ज्ञाने, तत्कालीन संरक्षणमंत्र्यांच्या साध्या छायाचित्रांवरून त्यांच्या अंगठ्याचा ठसा तयार केल्याचे जाहीर केले. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. त्या ५६ लाखांना, नवी बोटे घ्या, असे कोणी सांगू शकले नाही. आपल्याकडे तर इतकी मोठी चोरी करण्याचीही गरज पडली नाही. तेलंगणात २०१८ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात, जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांच्या ऑनलाइन प्रतींवरून ठसे उचलून त्यांच्या रबरी नकला केल्या गेल्या होत्या. पुढे २०२३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये अशाच नकली ठशांनी खात्यांतून पैसे गेल्याच्या तक्रारी आल्या आणि दस्तांवरचे ठसे झाकण्याची मागणी पोलिसांना करावी लागली.

आधार प्राधिकरणाचे म्हणणे असते की त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातून कधीही ठसे फुटलेले नाहीत. हे मान्य केले तरी मूळ हरकत तशीच राहते, कारण ठसा त्या साठ्यात असतो तितकाच तो आपल्या बोटावर, नोंदणी कचेरीत आणि भाडेकराराच्या शेवटच्या पानावरही असतो. तिजोरी कितीही भक्कम केली तरी हा माल तिच्याबाहेर आधीच पसरलेला आहे. प्राधिकरणाने २०२३ मध्ये ठसा जिवंत बोटाचा आहे की नकली, हे तपासणारी अधिक चांगली पडताळणी सुरू केली, तिचे स्वागतच आहे. रिझर्व्ह बँकेनेही जून २०२५ मध्ये आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या केंद्रचालकांची नीट छाननी करण्याचे आदेश काढले, ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. पण एक विसंगती अजून बोचते. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून कार्डाने ऑनलाइन खरेदी करणाऱ्याला दुहेरी तपासणी सक्तीची केली. कार्डाचा क्रमांक चोरला तरी दुसरा अडसर पार करावा लागतो. आधारवर पैसे काढणाऱ्याकडे मात्र बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढेच मागितले जाते. आधार क्रमांक झेरॉक्सच्या दुकानापासून लॉजच्या नोंदवहीपर्यंत सगळीकडे पडलेला असतो, म्हणजे अडसर म्हणून उरले फक्त बोट. पुण्यामुंबईच्या कार्डधारकाला दोन अडसर आणि नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या मजुराच्या रोजगार हमीच्या पैशाला एकच, हा न्याय उलटा आहे. ज्याच्या खात्यात दोन हजार रुपये असतात, त्याला त्यांतले दीड हजार गेले तर जास्त लागते.

दुसरी कसोटी नाकारण्याची, आणि नंदुरबारसाठी ती पहिलीपेक्षाही जड आहे. ठसा म्हणजे त्वचेवरच्या बारीक रेषा, आणि हाताने कष्ट करणाऱ्याच्या त्या रेषा झिजतात. या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो माणसे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत जातात. कोयता, वीट, सिमेंट यांच्यात गेलेले हात, त्यात वय झाले की रेषा आणखी पुसट होतात. मग रास्त भाव दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर थम देताना लाल दिवा लागतो. एका बोटाने नाही, दुसऱ्याने. हात धुऊन, पुसून, पुन्हा. सातपुड्याच्या आतल्या पाड्यांत आणि नर्मदाकाठच्या गावांत तर बोट चांगले असूनही नेटवर्क नसते. मार्च २०१८ मध्ये प्राधिकरणाचे तत्कालीन मुख्याधिकारी अजय भूषण पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयासमोर सादरीकरण केले, तेव्हा सरकारी सेवांतील पडताळणी यशस्वी होण्याचे प्रमाण ८८ टक्के असल्याचे समोर आले. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालाने अपयशाचे अंदाज झारखंडात ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के, तर गुजरातेत ६ टक्के असे नोंदवले होते. पद्धत एकच असताना राज्याराज्यांत इतका फरक पडावा, याचा अर्थ दोष बोटांइतकाच यंत्रांत, नेटवर्कात आणि नोंदींतही आहे.

यावर असे सांगितले जाते की हे आकडे प्रयत्नांचे आहेत, माणसांचे नाहीत. पहिल्यांदा नाही जमले तरी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जमते. हे खरे आहे. पण तिसऱ्या वेळी जमण्यासाठी माणसाला तिथे थांबावे लागते किंवा पुन्हा यावे लागते, आणि डोंगर उतरून आलेल्या म्हातारीला ‘उद्या या’ हे शब्द एका दिवसाच्या मजुरीपेक्षा महाग पडतात. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे: सवलत ठेवली की दुकानदार खोट्या नोंदी करून धान्य लाटतात, म्हणून अंगठा सक्तीचा हवा. धान्याची चोरी हे वास्तव आहे आणि तिचा फटका याच माणसांना बसत होता, म्हणून हा युक्तिवाद उडवून लावता येत नाही. मात्र झारखंडात अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की अंगठ्याच्या सक्तीने सुरुवातीला गळती मोजण्याइतकी घटली नाही, पण लाभार्थ्यांचा धान्य मिळवण्याचा खर्च वाढला, आणि ज्यांचे आधार शिधापत्रिकेला जोडलेले नव्हते त्यांच्या वाट्याचे धान्य कमी झाले. कारणही समजण्यासारखे आहे. अंगठा फक्त एवढेच सांगतो की हाच माणूस आला होता. त्याला दहा किलो मिळाले की आठ, हे अंगठा सांगू शकत नाही. वजनकाट्यावरची चोरी बोटाने पकडली जात नाही. आणि पर्यायी वाट कागदावर आधीच आहे. प्राधिकरणाच्या २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की ठसा जुळला नाही किंवा नेटवर्क नसले तरी कोणाचा लाभ अडवू नये, वेगळ्या नोंदवहीत नोंद करून तो द्यावा. ही नोंदवही किती दुकानांत आहे आणि तिची तपासणी कोण करतो, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे.

ठसा नाही तर ओटीपी, असे शहरात सहज सुचते. ओटीपीची पहिली अडचण सगळ्यांना माहीत आहे: तो माणसाकडून गोड बोलून काढून घेता येतो. फसवणुकीचे बहुतेक प्रकार संगणक फोडून होत नाहीत, माणसाला घाबरवून किंवा घाई करून होतात. दुसरी अडचण शहरात दिसत नाही. ओटीपी गृहीत धरतो की एका माणसाकडे एक फोन आहे, त्यात रेंज आहे आणि तोच क्रमांक आधारला जोडलेला आहे. ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये सक्तीची झाली तेव्हा महिलेच्या स्वतःच्या आधारवरचा ओटीपी आणि शिवाय पती किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी, असे दोन्ही मागितले गेले. घरात एकच फोन आणि तो घेऊन नवरा बारडोलीच्या उसात गेलेला असेल तर काय करायचे? रिचार्ज संपून बंद पडलेला जुना क्रमांकच आधारला जोडलेला असेल तर काय? ओटीपी बदलता येतो, म्हणून तो पहिल्या कसोटीला उतरतो. दुसऱ्या कसोटीवर मात्र तो गरिबाला आणि त्यातही बाईला दुसऱ्याच्या फोनवर अवलंबून ठेवतो.

मग चांगली पद्धत कोणती? गेल्या काही वर्षांत ‘पासकी’ नावाचा प्रकार पुढे आला आहे. त्याचे तंत्र मानक म्हणून २०१९ मध्ये मान्य झाले, आणि ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट या तिघांनी २०२२ मध्ये त्याला एकत्र पाठिंबा जाहीर केला. खाते उघडताना आपला फोन दोन परस्परांशी जुळणारे गणिती संकेत तयार करतो. एक आपल्याकडेच राहतो, दुसरा संकेतस्थळाकडे जातो. पुढे प्रत्येक वेळी संकेतस्थळ एक नवा प्रश्न पाठवते आणि फोन आपल्याकडच्या गुप्त संकेताने त्याचे उत्तर देतो. गुप्त संकेत संकेतस्थळाकडे कधीच जात नाही. संकेतस्थळ लुटले गेले तरी चोराला उपयोगाचे काही मिळत नाही. बँकेच्या नावाचे हुबेहूब खोटे पान तयार केले तरी फोन त्याला उत्तर देत नाही, कारण तो पत्ता नीट तपासतो. आपण घाईत तपासत नाही. यातही बोट किंवा चेहरा वापरता येतो, पण फक्त स्वतःचा फोन उघडण्यासाठी. ठसा फोनबाहेर पडत नाही. फोन हरवला तर ती पासकी रद्द करून नवी करता येते. यूपीआयची मांडणी बऱ्याच अंशी याच जातीची आहे. तिथे सिम आणि फोन आधी एकमेकांशी बांधले जातात आणि मग पिन लागतो, म्हणून पिन कळूनही दुसऱ्याच्या फोनवरून पैसे काढता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत फक्त एसएमएसच्या ओटीपीवर विसंबून न राहता इतर मार्गांना वाव दिला आहे. त्यांची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ठरवली गेली. दिशा योग्य आहे.

स्मार्टफोन नसलेल्याचे काय, ही इथली रास्त हरकत. पासकी आज सातपुड्याच्या पाड्यावर उत्तर होऊ शकत नाही, हे कबूल करायलाच हवे. पण तिच्यामागचे तत्त्व फोनशिवायही चालते: जवळ बाळगता येईल अशी वस्तू, तिला जोडून लहानसे गुपित, आणि हरवल्यास दोन्ही बदलून मिळण्याची सोय. चिप असलेले कार्ड आणि चार आकडी पिन यात हे सगळे आहे. अक्षरे न येणारी माणसेही बाजारात आकडे आणि नोटा बिनचूक ओळखतात, त्यामुळे त्यांना पिन झेपणार नाही, हे गृहीतक मला पटत नाही. कार्डही नसेल तिथे ठसा जरूर घ्यावा, पण मोठ्या रकमेला दुसरी पडताळणी जोडावी, खातेदाराला स्वतःची मर्यादा ठरवू द्यावी, आणि ठसा जुळला नाही तर बुबुळ, चेहरा, कुटुंबातला नेमलेला माणूस आणि शेवटी नोंदवही अशी वाट त्याच दिवशी, त्याच दुकानात मोकळी असावी. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कल्याणकारी योजनांसाठी आधार वैध ठरवले, तेव्हा पडताळणी फसली म्हणून गरजूला वंचित ठेवू नये, हेही बजावले होते.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, त्यांनी आज दोन कामे करावीत. ईमेल आणि बँक यांचे पासवर्ड एकमेकांपेक्षा वेगळे आणि लांब ठेवावेत, आणि जिथे पासकीची सोय आहे तिथे ती घ्यावी. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपले ठसे कुलूपबंद करण्याची सोय आहे. जे अंगठा लावून धान्य किंवा पैसे घेत नाहीत, त्यांनी ती जरूर वापरावी. जे घेतात, त्यांना कुलूप वारंवार उघडावे लागेल, म्हणून त्यांच्या खात्याची नोंद घरातल्या शिकलेल्या मुलाने दर महिन्याला पाहावी. जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तिथे झेरॉक्स देऊ नये. सोळा आकडी आभासी क्रमांक त्यासाठीच आहे. आधारच्या अडचणीसाठी १९४७ आणि पैसे गेल्यास तत्काळ १९३० हे क्रमांक आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक खातेदाराची किंवा बँकेची नसेल आणि त्याने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर तोटा त्याच्यावर येत नाही. तक्रारीची पोच घेतल्याशिवाय बँकेतून बाहेर पडू नये. आणि ज्यांच्या हाती या व्यवस्थांची आखणी आहे, त्या अधिकाऱ्यांना आणि अभियंत्यांना विनंती आहे की पुढची कोणतीही पद्धत मुंबईत जाहीर करण्याआधी ती पावसाळ्यात, रेंज नसलेल्या दिवशी, नंदुरबारमधल्या धडगावच्या रास्त भाव दुकानात ऊसतोडणी करून आलेल्या हातांवर चालवून पाहा.